आणि चांगलं काय?

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे तारीखराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. आतल्या पानावर डाव्या कोपऱ्यात 'दिनविशेष' नावाची जी लहानशी चौकट असते, ती ते लिहीत. आजच्या तारखेला पूर्वी जगात काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. बहुतेक वाचक या चौकटीवर चहाचा कप ठेवतात आणि कपाच्या बाहेर जेवढं दिसतं तेवढं वाचतात. पण हे तारीखरावांना सांगायची सोय नव्हती. त्यांच्या लेखी पहिल्या पानावरची बातमी उद्या शिळी होणार होती आणि त्यांची चौकट दर वर्षी ताजी होत होती.

त्यांच्या टेबलामागे एक कपाट होतं, त्यात वर्षाच्या प्रत्येक तारखेचं एक पाकीट आणि पाकिटात कात्रणं. एकोणतीस फेब्रुवारीचं पाकीट बिचारं उपाशी माणसासारखं सपाट. कुठलीही गोष्ट दोन निरनिराळ्या पुस्तकांत सापडल्याशिवाय ते छापत नसत. एका पुस्तकात सापडली तर ती अफवा, दोन पुस्तकांत सापडली तर इतिहास, असा त्यांचा सरळ हिशोब. आणि मजकूर ते आठवडाभर आधी द्यायचे. त्यामुळे सगळं जग सोमवारात असताना तारीखराव पुढच्या सोमवारात बसलेले असत. कचेरीतली मंडळी मुद्दाम विचारायची, "काय तारीखराव, आज किती तारीख?" आणि ते बेधडक पुढच्या आठवड्यातली सांगायचे. मग हशा. एकदा हातावेगळी केलेली तारीख त्यांच्या डोक्यातून पार पुसली जायची. ती प्रत्यक्ष उजाडली तरी त्यांना तिचं काही वाटायचं नाही.

त्यांची बायको गावातल्या मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायची. जुनी लिफ्ट, ओढून बंद करायचं जाळीचं दार, पितळेचा दांडा. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनची खोली, चौथ्यावर बाळंतिणी. दिवसभर ती एका स्टुलावर बसून माणसं वर न्यायची आणि खाली आणायची. इस्पितळात तिला लिफ्टच्या बाई म्हणत. म्हणजे या जोडप्याला स्वतःच्या नावाची गरज अशी कधी पडलीच नाही. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीजवळ एक आरसा.

त्या आरशापुढे रोज सकाळी तारीखराव दाढी करायचे आणि त्यांच्या खांद्यावरून त्याच आरशात बघत ती केस विंचरायची. तोंडात पिना धरलेल्या. एक एक पिन काढून खोवता खोवता विचारायची, "आज काय झालं?"

तारीखराव गालाला फेस लावून सांगू लागायचे. लढाया, तह, भूकंप, खून, राजांचे जन्म, राजांचे मृत्यू. ती ऐकून घ्यायची. सगळं संपलं की शेवटची पिन खोवून म्हणायची, "आणि चांगलं काय?"

या प्रश्नावर त्यांचं पित्त खवळायचं. "अगं, इतिहास म्हणजे मिठाईचं दुकान आहे का? हे नको, ते द्या!"

"तसं नाही हो. असतं का काही, एवढंच विचारते."

आणि असायचं. तक्रार तीच तर होती. सहा ऑगस्टला त्यांनी अणुबॉम्ब सांगितला, जळलेलं शहर सांगितलं आणि ती डबा भरायची थांबून तशीच उभी राहिली, तेव्हा त्यांना सांगावंच लागलं की पेनिसिलिन शोधून काढणारा डॉक्टरही याच तारखेला जन्मला होता. तिचा चेहरा असा खुलला, जणू तिच्या माहेरी कुणी जन्मलं. पंधरा एप्रिलला ते बुडालेल्या अजस्र जहाजावर रंगात येऊन बोलत होते. तिने त्यातून नेमका एक चित्रकार उचलला, जो त्याच दिवशी काही शतकं आधी जन्मला होता. उचललेलं ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत जिना उतरायची. तारीखरावांना वाटे, बाईमाणूस, मन हळवं, वाईट ऐकवत नाही.

संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्याकडेही सांगण्यासारखं असायचं. "आज ना, लिफ्टमध्ये..." अशी सुरुवात व्हायची. तारीखराव "हं" म्हणायचे. त्यांचा "हं" अगदी वेळेवर पडायचा, कान मात्र पुस्तकात असायचे. एकदा ते तिला हसून म्हणाले होते, "तुझी लिफ्ट वर जाते आणि खाली येते. त्यात काय विशेष?"

तीही हसली होती. तारीखरावांनी ही कोटी दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगून दाखवली आणि तिथेही लोक हसले.

असं बरंच चाललं. मग कधीतरी तिने विचारणं बंद केलं. पिना तोंडात असायच्या, केस विंचरले जायचे, डबा भरला जायचा, पण प्रश्न यायचा नाही. खरं सांगायचं तर तारीखरावांना ते लक्षात यायलाच बरेच दिवस लागले. आणि लक्षात आलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. चला, दाढी शांतपणे होते. कंटाळली असेल, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मिटवला म्हणजे काय, मनातच उघडला आणि मनातच मिटवला. तिला एका शब्दाने विचारलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तिच्या पोटात दुखू लागलं. तिने ते दुखणं अंगावर काढलं. इस्पितळात काम करणारी माणसं काढतातच. अखेर डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि एप्रिलची बारा तारीख दिली. सकाळी तिला चाकाच्या खाटेवर झोपवून त्याच लिफ्टमध्ये आणलं. दांड्यावर कुणी बदलीचा माणूस होता. तिच्या रिकाम्या स्टुलावर त्याने आपली पिशवी ठेवलेली. दार ओढलं गेलं, लिफ्ट हलली. तारीखराव तिच्या उशाशी उभे होते, हातात तिचा चष्मा.

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, आज काय झालं?"

इतक्या वर्षांनी! तारीखराव गडबडले. त्यांना वाटलं, घाबरली आहे, काहीतरी बरळते आहे. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि समजूत घालायला म्हणाले, "काही नाही. आज काही नाही."

"आणि चांगलं?"

"अगं, काही नाही म्हटलं ना. बोलू नकोस. गप्प पडून राहा."

वरती मजल्यांचे आकडे उजळत गेले, ते ती बघत होती. तिसरा आला, दार उघडलं, खाट बाहेर गेली. ती त्या खोलीतून परत बोलती आली नाही.

आता रोज सकाळी तारीखराव त्याच आरशापुढे उभे राहत आणि आरशात फक्त एकच डोकं असे. लोक भेटायला आले, बसले, गेले. मेहुणी चार दिवस राहून स्वयंपाकघर आवरून गेली. कचेरीतल्यांनी तारीख विचारायची थट्टा बंद केली, ते त्यांना जास्तच लागलं. पण त्यांच्या काळजात रुतून बसला होता तो लिफ्टमधला प्रश्न. मरणाच्या दारात माणूस उगाच काही विचारत नाही. विचारणं बंद का केलं होतं? आणि बंद केलं होतं तर नेमकं तेव्हाच पुन्हा का विचारलं? जगात कुठल्या तहावर किती जणांनी सह्या केल्या हे सांगू शकणाऱ्या या माणसाला आपल्या बायकोच्या एका साध्या प्रश्नाचा अर्थ लागत नव्हता. दाढी करताना ते मध्येच थांबत आणि गालावर फेस वाळून जाई. एकदोनदा त्यांनी आरशाकडे बघत आजचा दिनविशेष मोठ्याने सांगून पाहिला. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

अशात इस्पितळातून निरोप आला. जुनी लिफ्ट काढून नवी, बटणांची बसवणार होते. बाईंचं स्टूल घरच्यांनी न्यावं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं, एवढाच निरोप. तारीखरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कामावरून अर्धा दिवस रजा घेतली.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर बंद करून ठेवली होती, दार सताड उघडं. कारागीर अजून यायचे होते. तारीखराव जिना चढून वर गेले तेव्हा मोठ्या सिस्टर त्यांची वाट बघत होत्या. पिकलेल्या केसांच्या, आवाजात हुकूम असलेल्या बाई. तारीखरावांच्या बायकोशी यांचं चांगलं जमायचं, एवढं त्यांनाही ठाऊक होतं. म्हणजे 'हं' म्हणता म्हणता कानावर पडलं होतं.

"या. दमलात ना? आता लिफ्टच नाही, काय करणार." सिस्टरांनी स्टुलावरची धूळ हाताने झटकली. "हे न्यायचं. बघा, अजून डगमगत नाही."

स्टूल लाकडी होतं, पाय जरा बाहेर फाकलेले, बसायच्या जागी किंचित खोलगट. कडांचा कुठे एक ओरखडा लागणार नाही असं घासलेलं. तारीखरावांनी ते उचलून पाहिलं. "हे इस्पितळाचं नाही वाटतं?"

"छे हो! इस्पितळाचं लोखंडी होतं, त्याने तिची कंबर गेली होती. हे त्या सुतारानं करून आणलं. सांगितलं असेल की तिनं."

तारीखरावांना 'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण त्या दिवशी खोटं बोलायची ताकदही त्यांच्यात नव्हती. "नाही. म्हणजे सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल."

सिस्टरांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग लिफ्टच्या उंबऱ्याला पाठ टेकून त्या उभ्या राहिल्या.

"तुम्ही सकाळी तिला दिनविशेष सांगायचात ना? ती तो इथे घेऊन यायची. खालून पेशंट आला, ऑपरेशनला वर चाललाय, हातपाय गार, घशाला कोरड. घरची माणसं त्याहून घाबरलेली. ती दार ओढायची आणि म्हणायची, तुम्हाला माहीत आहे का, आजच्या दिवशी पेनिसिलिनवाला डॉक्टर जन्मला होता. आज फार चांगला दिवस आहे. असं काहीतरी. रोज नवं. तिसरा मजला येईपर्यंत पेशंटचं लक्ष तिच्याकडे. अहो, आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळायचं, आज बाई रजेवर आहेत ते. पेशंटची नाडीच सांगायची."

शेवटची पिन खोवून विचारलेला तो प्रश्न तारीखरावांना स्वच्छ ऐकू येत होता. मिठाईचं दुकान आहे का, हे उत्तरही.

"तो सुतार आला होता, त्या दिवशी मात्र तिच्याकडे काही नव्हतं," सिस्टर पुढे म्हणाल्या. "सकाळी तुमचं काहीतरी बिनसलं असेल. आज नुसते मेलेलेच आहेत, चांगलं बिंगलं काही नाही, असं म्हणालात म्हणे. आणि सुतार तर इतका घाबरलेला की खाटेचा कठडा सोडेना. मग तिनं ठोकून दिलं. म्हणाली, आजच्या तारखेला एका मोठ्या शहरात दिवसभर एकही माणूस मेला नाही. एकही नाही! मयताची नोंद घेणारा कारकून हात चोळत बसला आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी गेला. सुतार त्या अवस्थेत हसला हो. बरा होऊन गेला आणि महिन्याभराने हे स्टूल घेऊन आला."

तारीखरावांच्या हातातलं स्टूल खाली टेकलं. कारण हा कारकून त्यांच्या ओळखीचा होता.

काही वर्षांपूर्वी कचेरीत एक म्हातारा आला होता, बोटांना रंधा मारून पडलेले घट्टे. टोपी हातात घेऊन अदबीने म्हणाला, "साहेब, तुमच्या चौकटीत ती गोष्ट का येत नाही? त्या तारखेला मी दर वर्षी पेपर मुद्दाम घेतो." कुठली गोष्ट, तर एका शहरात कुणीच मेलं नाही, ती. तारीखरावांनी सगळ्या कचेरीसमक्ष त्याला तासून काढलं होतं. कुठलं शहर? कुठलं साल? कुठल्या पुस्तकात? म्हातारा एवढंच म्हणाला, मला एका बाईंनी सांगितलं. आणि रात्रीच्या जेवणाला त्यांनी हा किस्सा बायकोला साग्रसंगीत ऐकवला, म्हाताऱ्याच्या आवाजाची नक्कल करून. "कुणा बाईनं सांगितलं म्हणे त्याला! काय एकेक वेडी माणसं असतात. अशा बाईला खरं तर..." काय करायला हवं होतं ते आता त्यांना आठवत नव्हतं. ती ताटात बघत होती, हे आठवत होतं. तिने एवढंच विचारलं होतं, "मग ते काय म्हणाले?" आणि ते म्हणाले होते, "काय म्हणणार? शेपूट घालून गेला."

"तुमच्याकडून तो थेट इथेच आला होता," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला हुकूम आता गेला होता. "म्हणाला, बाई, पेपरवाले म्हणतात असं काही झालंच नाही. ती म्हणाली, त्यांना अजून सापडलं नसेल. त्यांना दोन पुस्तकांत सापडावं लागतं ना. सापडलं की छापतील. तुम्ही तिचे कोण, हे तिनं त्याला कळू दिलं नाही. त्याचं समाधान झालं, गेला बिचारा. ती मात्र त्या दिवशी डबा न खाता बसली होती."

"आणि मग तिनं मला विचारणं बंद केलं," तारीखराव म्हणाले.

"मी म्हटलं तिला, अगं सांगून टाक ना त्यांना, कशासाठी विचारतेस ते. तर म्हणाली, नको, हसतील. आणि आता विचारायची गरजही नाही, वर्षाला त्याच तारखा येतात, माझ्या तोंडपाठ झाल्यात. खरंच झाल्या होत्या हो. शेवटपर्यंत एकही तारीख चुकली नाही तिची."

खालून कुणीतरी सिस्टरांना हाक मारली. त्यांनी "आले" म्हणून ओरडून सांगितलं, पण हलल्या नाहीत. तारीखराव त्या उघड्या लिफ्टमध्ये बघत होते. पितळेच्या दांड्याला जिथे हात लागायचा तेवढाच भाग चकचकीत होता. ही लिफ्ट ते फक्त एकदाच चढले होते.

"तोंडपाठ होत्या," ते म्हणाले. "सगळ्या?"

"सगळ्या. आणि तिची लाडकी कुठली माहीत आहे? बारा एप्रिल. वर्षभर वाट बघायची. त्या दिवशी जो कुणी वर जायचा त्याला सांगायची, अहो, आजच्या दिवशी माणूस पहिल्यांदा पार आभाळाच्या वर गेला, अंतराळात. पृथ्वीला एक चक्कर मारली आणि दुपारच्या आत सुखरूप खाली आला! आपण तर नुसते तिसऱ्यावर चाललोय. ही ओळ तर आमची झाडूवाली मावशीसुद्धा तिच्याबरोबर म्हणायची." सिस्टर हसल्या आणि हसता हसता थबकल्या. त्याच तारखेला तिचं काय झालं होतं ते त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी तारीखरावांच्या दंडाला हात लावला. "तुम्ही होतात ना त्या सकाळी तिच्याबरोबर? तेव्हाही म्हणाली असेल. आपली आपणच."

तारीखराव मान हलवत राहिले. बारा एप्रिल त्यांनी दर वर्षी लिहिली होती. त्या वर्षीही लिहिली होती, आठवडाभर आधी, दोन पुस्तकांत पडताळून. त्या सकाळी ती छापून आली होती आणि अंक त्यांच्याच बगलेत घडी करून धरलेला होता. माणूस वर गेला आणि सुखरूप खाली आला. तिला ते ठाऊक होतं. तिला माहिती नको होती. तिला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"ती म्हणाली नाही," ते म्हणाले. "तिनं मला विचारलं होतं. आज काय झालं म्हणून."

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही," तारीखराव म्हणाले.

सिस्टर पुढचं ऐकायला थांबल्या, पण पुढे काही आलं नाही. तारीखरावांनी स्टूल उचललं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि पायऱ्या नीट दिसत नव्हत्या म्हणून भिंतीच्या कडेकडेने ते खाली उतरू लागले.